एका खोलीतल्या अनेक खोल्या

मुंबईच्या चाळींविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सरकारी अहवालांनी खोल्या मोजल्या, खोलीमागे माणसे मोजली, नळ आणि संडास मोजले. ललित लेखकांनी शेजार, सणवार आणि भांडणे रंगवली. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये आली, आणि चाळ म्हणजे सगळ्यांनी मिळून राहण्याची, हसण्या-भांडण्याची जागा हे चित्र मराठी वाचकाच्या मनात पक्के बसले. या दोन्ही प्रकारच्या लेखनात एक प्रश्न मात्र बाजूला राहिला. सात-आठ माणसे एका खोलीत राहत असताना त्यातल्या एखाद्याला अभ्यास करायचा असेल, गावाहून आलेले पत्र दुसऱ्यांदा वाचायचे असेल, मित्राशी चार गोष्टी बोलायच्या असतील किंवा नुसतेच छताकडे पाहत पडायचे असेल, तर तो कुठे जाई?

प्रश्न किरकोळ वाटेल. जिथे पाण्याची मारामार, तिथे एकांताची चैन कुणाला सुचणार, असेही कुणी म्हणेल. पण शंभर वर्षांत या खोल्यांमध्ये राहिलेल्या माणसांनी ही चैन सोडलेली दिसत नाही. भिंत घालण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी जागा इतर गोष्टींतून काढली: वस्तूंतून, वेळेतून, उंचीतून आणि घराबाहेरून. कुणाला ती मिळाली, कुणाला मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा ती कुणाच्या वाट्यातून आली, हे पाहिले तर चाळीचा इतिहास थोडा वेगळा दिसू लागतो.

खोली कशी ठरली

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. साथीचे खापर दाट, कोंदट वस्तीवर फुटले आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि हलवलेल्या लोकांसाठी हवेशीर चाळी बांधायच्या, असे या ट्रस्टचे काम होते. गिरण्या वाढत होत्या आणि कोकणातून व घाटावरून माणसे येत होती. ट्रस्टच्या, गिरणीमालकांच्या आणि खासगी घरमालकांच्या चाळी उठत गेल्या, तरी गर्दीच्या मानाने त्या अपुऱ्याच होत्या. १९२१ च्या जनगणनेच्या सुमारास शहरातील साधारण दोन-तृतीयांश लोक एकखोली घरांत राहत होते. म्हणजे ‘खोली’ ही मुंबईत गरिबीतली अपवादात्मक अवस्था नव्हती. बहुसंख्य मुंबईकरांसाठी घर या शब्दाचा अर्थच खोली असा होता. आजही जुना मुंबईकर ‘आमची परळला खोली होती’ असे सांगतो, तेव्हा तो पूर्ण घराबद्दल बोलत असतो.

पुढचा मोठा प्रयत्न गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात झाला. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते स्थापन झाले. त्याच्याच आद्याक्षरांवरून बी.डी.डी. चाळी हे नाव पडले. पन्नास हजार खोल्या बांधायचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारत तळमजला आणि वर तीन मजल्यांची, प्रत्येकीत ऐंशी खोल्या. खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. जुन्या लाकडी चाळीला रस्त्याच्या किंवा अंगणाच्या बाजूने लांबलचक गॅलरी असते. बी.डी.डी.त ती नाही. मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्यांच्या दारांची रांग.

या काँक्रीटच्या इमारती सुरुवातीला कामगारांना रुचल्या नाहीत आणि पुष्कळ खोल्या बरीच वर्षे रिकाम्या पडल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. कुटुंबासाठी म्हणून आखलेली खोली फारसा बदल न करता कोठडी म्हणून चालली. ती आखणाऱ्यांनी माणसामागे किती घनफूट हवा लागते याचा हिशेब केला होता. त्या हवेत राहणाऱ्या माणसाला कधीतरी इतरांपासून बाजूला व्हावेसे वाटेल, ही गोष्ट हिशेबात नव्हती.

ट्रंक आणि खुंटी

गिरणगावातल्या पहिल्या काही पिढ्यांत पुरुषांची संख्या फार मोठी होती. बायकामुले गावी, शेत आणि म्हातारे आईबाप सांभाळत. पुरुष मुंबईत एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहत. ही गावकीची खोली. भाडे वाटून घ्यायचे आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. गावाहून नवा मुलगा आला की तोही तिथेच टेकायचा. दहा-वीस माणसांची नावे त्या एका खोलीशी जोडलेली असत. हे शक्य होई ते गिरणीच्या पाळ्यांमुळे. एक पाळी कामावर, तेव्हा दुसरी झोपलेली. अंथरूण पसरायची जागा एकच, माणसे बदलत.

अशा ठिकाणी माणसाची स्वतःची म्हणावी अशी जागा म्हणजे पत्र्याची ट्रंक, भिंतीवरची एक खुंटी आणि गुंडाळून ठेवलेली वळकटी. ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्या, घरची पत्रे, शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाताना घालायचा इस्त्रीचा जोड, एखादा फोटो. झाकणाला कुलूप. अख्ख्या खोलीला नावापुरतीच कडी असायची, पण ट्रंकेला कुलूप असायचेच. दुसऱ्याच्या ट्रंकेला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याच्या खुंटीवर सदरा टांगायचा नाही, हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण ते मोडणाऱ्याला खोलीत राहणे कठीण जाई. ट्रंक उघडून तिच्यासमोर पाठमोरा बसलेला माणूस आपल्या घरात आहे असे समजायचे, मग भोवती पत्त्यांचा डाव चालू असो की भजनाची तालीम.

ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतील कामगार आणि त्यांच्या घरांवरचे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून अभ्यासक या खोल्यांमधली गर्दी नोंदवत आले. गर्दीतही माणसांनी वाटण्या कशा केल्या, हे आकड्यांत दिसत नाही. ते खुंट्यांच्या रांगेत दिसते.

रात्री दोन वाजताची जागा

वस्तूंनंतर वेळ. याचे सर्वांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतले आहे. सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबाला घेऊन मुंबईत आले आणि परळ भागातल्या एका चाळीत एका खोलीत राहू लागले. धनंजय कीर यांनी चरित्रात या खोलीचे वर्णन केले आहे. स्वयंपाक, भांडीकुंडी, सरपण, झोपणे, सारे तिथेच. धूर आणि गर्दी. अंथरुणाची जागा इतकी तोकडी की वडिलांनी एक व्यवस्था लावली. भीमरावाने लवकर झोपायचे आणि वडिलांनी जागत बसायचे. रात्री दोनच्या सुमारास वडील मुलाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. मुलगा घासलेटच्या दिव्यापाशी वाचायला बसे. जवळच जाते असे आणि बांधलेली बकरीही.

ही हकीकत बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिच्याकडे घराच्या रचनेच्या अंगानेही पाहावे. त्या खोलीत अभ्यासाची खोली होती. ती दिवसा नसे आणि संध्याकाळी नसे. पहाटे दोनला उघडे आणि घर जागे झाले की बंद होई. तिचे भाडे वडील स्वतःच्या झोपेतून देत.

दिवसा मात्र वाचायला बाहेरच जावे लागे. चर्नी रोडच्या बागेत हा विद्यार्थी वाचत बसलेला असे. तिथेच शिक्षक आणि चरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची आणि त्याची ओळख झाली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाचा धागा १९५६ पर्यंत कसा जातो हे सर्वांना ठाऊक आहे. ती ओळख बागेत झाली, आणि बागेत बसणे भाग पडले ते घरी जागा नव्हती म्हणून, ही गोष्ट मात्र सहसा कुणी लक्षात घेत नाही.

पुढे हे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत गेले. ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. कोलंबिया आणि लंडनच्या मुक्कामांचा काळ वगळता बाबासाहेबांचे मुंबईतले वास्तव्य १९३४ पर्यंत इथेच होते. एक खोली वाचनाची, लेखनाची आणि भेटायला येणाऱ्यांची. उरलेला संसार दुसरीत. हा दोन खोल्यांचा हिशेब नीट मांडला तर एका खोलीतल्या शांततेसाठी दुसऱ्या खोलीत किती दाटी झाली असेल याचा अंदाज येतो, आणि त्या दाटीत रमाबाई होत्या. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. जात्याशेजारी बसून वाचलेल्या माणसाने ऐपत येताच आधी पुस्तकांना घर बांधले. रमाबाईंना त्या घरात फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

वर जाणारी जागा

गावकीच्या खोल्यांबरोबरच कुटुंबांच्या खोल्याही वाढत होत्या. स्वातंत्र्याच्या सुमारास एक कायदा असा आला की त्याने खोलीच्या पोटातली रचनाच बदलली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० ची भाडी प्रमाण धरली आणि भाडेकरूला सहजी काढता येणार नाही असे संरक्षण दिले. भाडे गोठले, त्यामुळे खोली सोडणे परवडेना. दुसरी घ्यायची तर पागडी द्यावी लागे आणि तेवढे पैसे कुणाकडे? मग एकाच खोलीत बाप, मुलगे, सुना आणि नातवंडे अशा तीन पिढ्या राहू लागल्या. खोली लांबी-रुंदीला वाढणे शक्य नव्हते. उरली होती फक्त उंची.

जुन्या चाळींची छते बऱ्यापैकी उंच असत. त्या उंचीच्या मधोमध लोखंडी किंवा लाकडी आडवे बार टाकायचे, वर फळ्या ठोकायच्या आणि एक शिडी लावायची. झाला पोटमाळा. आधी तो सामानासाठी असे. गाद्या, पिंप, गणपतीची आरास, वर्षाचे धान्य. मग दहावीला बसलेला मुलगा एक चटई आणि दिवा घेऊन वर चढला आणि सामान एका कडेला सरकले. वर ताठ उभे राहता येत नाही, बसायचे किंवा आडवे व्हायचे. खालच्या स्टोव्हची धग आणि फोडणीचा ठसका आधी तिथे पोचतो. पंखा खाली, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी अंग भाजून निघते. तरीही घरातला प्रत्येक वाढता मुलगा माळ्यासाठी भांडला, कारण खालून शिडीवर कुणी पाय ठेवला की आधी कळते. तेवढी सूचना मिळणे म्हणजेच दार असणे.

चाळीतल्या तरुणाची बैठकीची खोली या माळ्यावर घडली. तुळईला चिकटवलेले क्रिकेटपटूंचे आणि नटनट्यांचे फोटो, उशाशी ट्रान्झिस्टर, पुढे कॅसेटचा टेप. वर्गातले दोन मित्र आले की तिघे गुडघे पोटाशी घेऊन बसत. खालून आई चहाचे कप शिडीच्या चौथ्या पायरीवर ठेवी. वर काय बोलणे चालले आहे ते सगळे खाली ऐकू येई आणि ते ऐकू येत नाही असे सगळे दाखवत. पातळ फळ्यांवर उभा राहिलेला हा एकांत मुख्यतः घरच्यांच्या सौजन्यावर टिकून होता.

आतली आणि बाहेरची माणसे

बाहेरच्या जागा हा या सगळ्याचा शेवटचा आणि मोठा आधार. गॅलरी, जिना, गच्ची, नाक्यावरचा कट्टा, व्यायामशाळा, चाळीचे वाचनालय. १८९८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही सुरू झाले. एका संस्थेने लोकांना खोली दिली आणि दुसरीने वाचनाची जागा. परीक्षेच्या दिवसांत बागेतल्या किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली बसलेली मुले हे मुंबईचे नेहमीचे दृश्य होते. रात्री पुरुष आणि मोठे मुलगे गॅलरीत, गच्चीवर, पदपथावर अंथरुणे टाकत. त्यांच्या बाहेर जाण्यानेच आतल्यांना पाय पसरता येत.

पण बाहेरच्या जागा मुलांना मिळाल्या, मुलींना नाही. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की त्याचे अंथरूण बाहेर जाई. मुलगी त्याच वयाची झाली की तिचे आणखी आत, आईच्या कुशीकडे आणि भिंतीकडे सरके. लहानपणी गॅलरीत लंगडी खेळलेल्या मुलीला न्हाण आल्यावर तीच गॅलरी वाळत घातलेले कपडे काढण्यापुरती उरे. माळाही बहुधा भावाचा. तिला वाचायचे असेल तर मोरीच्या कट्ट्याला टेकून, सगळ्यांची जेवणे झाल्यावर. मोरीचा पडदा हीच घरातली बायकांची एकमेव आडोशाची जागा होती, आणि बाहेर कुणी तरी कायम बादली घेऊन उभे असे.

घरातल्या बाईलाही जागा काढावी लागली, ती बहुतेक दुपारच्या वेळेत. पहिली पाळी आणि शाळा बाहेर पडली की दोन-तीन तास खोली तिची असे. तेव्हाही दार बंद करून चालत नसे. चाळीत दिवसा लावलेले दार म्हणजे आत काही तरी घडते आहे असा समज. म्हणून उघड्या दारात बसूनच तिने तिचा एकांत घेतला. हातात निवडायचे तांदूळ, त्यामुळे कुणी काम सांगत नाही. तिची ट्रंक म्हणजे मांडणीवरचा डाळीचा डबा. त्याच्या तळाशी साठवलेल्या नोटा असत आणि तो डबा दुसरे कुणी उघडत नसे, कारण घरात दुसरे कुणी स्वयंपाक करत नसे.

आणि नवे जोडपे? राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट १९७० मध्ये आला आणि १९७२ मध्ये बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला. लग्न होऊन चाळीत आलेल्या मुलीला आणि तिच्या नवऱ्याला घरभर माणसांत एकांत मिळत नाही, हेच कथानक. प्रेक्षक हसले, कारण बहुतेकांच्या घरात हेच चालू होते आणि त्यावर उघड बोलण्याची पद्धत नव्हती. प्रत्यक्षात उपाय ठरलेले होते. साडीचा पडदा, सासू-सासऱ्यांचे अचानक कीर्तनाला जाणे, दिराचे मित्राकडे झोपायला जाणे. कुणीही कुणाला काही सांगत नसे. सगळे घर मिळून दोघांसाठी तासभराची एक खोली बांधे आणि पुन्हा मोडून टाके. ज्या घरात हे सौजन्य नव्हते, तिथे सुनेचे हाल झाले आणि त्याची नोंद कुठल्याही अहवालात नाही.

नकाशात न दिसणारे घर

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर संपलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून संपत गेल्या. गावकीच्या खोल्या ओस पडल्या, ट्रंका गावी गेल्या. कुटुंबांच्या खोल्या उरल्या आणि आता त्यांच्या पुनर्विकासाची वेळ आली आहे. बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर देण्याची योजना आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. स्वतःचा संडास, दोन झोपायच्या खोल्या, आतून लागणारी कडी. ज्यांनी आयुष्यभर रांगेत बादली धरली त्यांना हे मिळायलाच हवे होते. चाळ मोडते म्हणून गहिवरणाऱ्यांपैकी बहुतेक जण चाळ सोडून केव्हाच बाहेर पडलेले आहेत.

पण नव्या घरातही एक हिशेब राहतोच. दोन खोल्या आणि सहा माणसे असतील तर कडी कुणाच्या खोलीला, हा प्रश्न वास्तुविशारद सोडवत नाही. तो घरच सोडवते, आणि जुन्या सवयीने सोडवते. माळा भावाचा होता, तर दुसरी खोली कुणाची होईल? पूर्वी ज्या मुलीने मोरीच्या कट्ट्यावर वाचले, तिच्या नातीला टेबल मिळते का, यावरून पुनर्विकासात काय बदलले ते कळेल. चौरस फुटांवरून ते कळणार नाही.

शिवाय एक काम इतिहासाच्या अभ्यासकांसाठी तातडीचे आहे. बी.डी.डी. चाळीचा सरकारी नकाशा काढून पाहिला तर खोली म्हणजे एक रिकामा चौकोन दिसतो. एका कोपऱ्यात मोरी, एका बाजूला खिडकी, बस्स. माळा त्यात नाही, शिडी नाही, खुंट्या नाहीत, पडद्याची दोरी नाही. रात्री कोण कुठे झोपे तेही अर्थातच नाही. इमारत पाडली की हे सगळे तिच्याबरोबर जाईल आणि शंभर वर्षांनी अभ्यासकाच्या हाती तो चौकोन तेवढा उरेल. अजून या खोल्यांमध्ये वाढलेली माणसे आहेत. त्यांना कागद द्यावा आणि आपली खोली काढायला सांगावी. अंथरुणांचा क्रम, ट्रंकेची जागा, दिवा कुठे होता, कुणाला उजेड मिळे आणि कुणाची त्याच्याकडे पाठ असे. घरातल्या प्रत्येकाकडून वेगळा नकाशा काढून घ्यावा, बाईकडून तर आवर्जून. एकाच चौकोनाचे पाच नकाशे होतील आणि ते एकमेकांशी जुळणार नाहीत. ते पाचही नकाशे जपून ठेवावेत.